यंदा एकही खोटा भोंगा नाही

४ जुलै

कालचा दिवस आयुष्यातून खोडून टाकायचा.

धक्क्यावर पाणी मोजणारा सेन्सर आहे, त्याच्या बरोबर खाली एक बगळा येऊन बसला. सेन्सरला वाटलं, समुद्र चढला. सिस्टीमने भोंगा दिला, सगळ्यांच्या मोबाइलवर मेसेज गेले आणि अर्धं शहर भर उन्हात गच्चीवर जाऊन उभं राहिलं. बगळा तोवर उडून गेला होता. आज पेपरात पहिल्या पानावर बगळ्याचा फोटो. माझा आतल्या पानावर, तोही डोळे मिटलेला.

साहेबांनी बोलावलं. सीझनमधला हा तिसरा खोटा भोंगा. आणखी एक झाला तर पूर-इशारा कक्षातून माझी उचलबांगडी, थेट उद्यान खात्यात. माळ्यांची हजेरी घ्यायला तिथे माणूस हवाच आहे म्हणे. मी शांत राहिलो. माझ्या शांतपणाचं साहेबांना कौतुक वाटलं असावं, कारण ते पुढे काही बोलले नाहीत, दाराकडे बोट दाखवलं.

संकल्प: यापुढे एकही खोटा भोंगा नाही. साखर बंद. पणबाईवर चिडायचं नाही.

(पणबाई म्हणजे माझी ज्युनिअर. हुशार आहे. प्रत्येक वाक्य 'पण'ने सुरू करते.)

५ जुलै, रविवार

ताईकडे गेलो. खाडीच्या कडेची गल्ली, तळमजला. दार उघडलं की दोन पायऱ्या खाली, मग घर. या घराला मी पहिल्यापासून नावं ठेवत आलोय, पण घर घेताना कुणाचं ऐकायची भावोजींना सवय नव्हती.

भावोजी बसमध्ये कंडक्टर होते. आवाज असा, की पुढच्या दारातून ओरडले तरी मागच्या दारातल्या माणसाने तिकीट काढावं. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि भाषाही गेली. जेमतेम पाच-सहा शब्द उरलेत. त्यातला एक माझ्यासाठी राखून ठेवलाय: थापाड्या. आज मी चप्पल काढायच्या आतच वापरला.

भोंगा वाजला की शेजारचे चौघे येतात, भावोजींना खुर्चीत बसवतात आणि खुर्ची उचलून तिसऱ्या मजल्यावरच्या शिंप्याकडे नेतात. वजन काही कमी झालेलं नाही. परवा जिन्याच्या वळणावर खुर्ची कलली, भावोजींचं कोपर सोलवटलं, जिममध्ये जाणाऱ्या पोराच्या पाठीत चमक भरली. वर गेल्यावर कळलं, बगळा. गल्लीतली माणसं आता ताईला म्हणतात, तुझा भाऊ बटण दाबतो आणि कंबरडं आमचं मोडतं.

ताईला ओशाळल्यासारखं झालंय. पुन्हा कुणाच्या दारात कुठल्या तोंडाने जाऊ, म्हणाली. मग तिनेच तोडगा काढला. भोंगा वाजो न वाजो, मी स्वतः फोन करून सांगायचं, खरं की खोटं. मी सांगितलं तरच ती शेजाऱ्यांना हाक मारणार. मी छातीवर हात ठेवून शब्द दिला. जगात माझ्यावर विश्वास असलेलं हे एकच माणूस. मला तेवढं पुरतं.

चहा बिनसाखरेचा घेतला. बिस्किटं चार, पण ती गोड नव्हती. म्हणजे फार नव्हती.

९ जुलै

सुचलं! आंघोळीच्या वेळी सुचलं, म्हणून अंगावर टॉवेल असतानाच लिहितोय.

बगळा बसला तेव्हा सेन्सरने जो आकडा दिला, तितकं पाणी या शहरात कधी आलेलंच नाही. आजवरच्या सगळ्यात मोठ्या पुरापेक्षाही जास्त. म्हणजे तो आकडा खोटा होता हे कुणालाही कळायला हवं होतं. यंत्राला कळलं नाही, कारण यंत्राला इतिहास माहीत नसतो. तो आपण शिकवायचा. जुन्या विक्रमाच्या वर जे रीडिंग येईल ते चुकीचं समजून टाकून द्यायचं आणि त्याच्या जागी आधीचं शेवटचं चांगलं रीडिंग दाखवायचं. बस्स.

नाव ठेवलं: गाळणी. बायको बाहेरून दार ठोठावत होती. तिला सांगितलं, इतिहास घडतोय. तिला टाकी रिकामी होण्याची काळजी.

१० जुलै

गाळणी बसवली. शिवाय इशाऱ्याची पातळीही वर नेली. आता पाणी जुन्या विक्रमाला टेकेल तेव्हाच भोंगा. ओटीपोटात जरा दुखलं की ऑपरेशनला न्यायचं, हा प्रकार बंद.

पणबाई म्हणाली, पण सर, भोंगा विक्रमावर वाजणार आणि विक्रमाच्या वरचं सगळं गाळणी टाकून देणार. म्हणजे भोंगा वाजायला पाणी बरोबर त्या रेषेवर येऊन थांबायला हवं.

मी म्हणालो, थांबेल की.

ती म्हणाली, पण विक्रमापेक्षा मोठं पाणी आलं तर?

मी तिला समजावलं, की तसं आजवर कधीच झालेलं नाही. आकडेवारी काढून दाखवली. एकदाही नाही. ती गप्प बसली. तर्कापुढे माणूस गप्प बसतो. चिडलो नाही, याची नोंद घ्यावी. (फाइल आपटली, पण ती जड होती.)

२८ जुलै

गाळणी झकास चालली आहे. धक्क्याशी बोटी येतात-जातात, लाटा उसळतात, पक्षी बसतात, सेन्सर वेड्यासारखा उड्या मारतो, पण आमच्या ग्राफवर रेषा कशी आज्ञाधारक. बसवल्यापासून एकही भोंगा नाही.

मध्ये एकदा मासळीबाजारात गुडघ्याएवढं पाणी आलं. भोंगा नाही. लोकांनी आपापले कपडे वर केले आणि चालू लागले. यालाच जनजागृती म्हणतात.

ताईला दर भरतीला फोन करतो. काही नाही, आराम कर. ती म्हणते, बरं. मागून भावोजींचा तो एक शब्द ऐकू येतो. आजारी माणूस आहे, मनावर घ्यायचं नाही.

१९ ऑगस्ट

माझं प्रेझेंटेशन. तीन शहरांचे अधिकारी आले होते. शेवटच्या स्लाइडवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'यंदा एकही खोटा भोंगा नाही' (यंदा म्हणजे गाळणी बसवल्यापासून). टाळ्या. एका बाईंनी विचारलं, खरे किती वाजले? मी म्हणालो, प्रश्न चांगला आहे. मग जेवण होतं.

साहेबांनी सगळ्यांसमोर पाठीवर थाप मारली. उद्यान खात्याचं नाव काढलं नाही. मला काचेचा मासा दिला, खाली माझं नाव कोरलेला. घरी टीव्हीवर ठेवला. बायकोने पडदा झाडताना तो खाली काढून ठेवला आणि अजून तिथेच आहे. तिला हे यश पचलेलं नाही.

साखर पुन्हा सुरू. यशाच्या काळात शरीराला लागते.

२ सप्टेंबर

हवामान खात्याचा मेल. समुद्रात वादळ, उद्या मोठी भरती, दोन्ही एकाच वेळी किनाऱ्याला येण्याची शक्यता. यांची नेहमी शक्यताच असते. ठामपणे बोलायला धमक लागते.

पणबाई दिवसभर मागे लागली होती, एक दिवसापुरती गाळणी काढू या. मी विचारलं, लग्नाच्या दिवशी कुणी चष्मा काढून ठेवतं का? तिचं लग्न झालेलं नाही, त्यामुळे तिला कळलं नाही.

संध्याकाळी ताईचा फोन. टीव्हीवर काहीबाही सांगतायत, यांना आजच वर नेऊन ठेवू का? मी म्हटलं, टीव्हीवाल्यांकडे गाळणी आहे का? ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मला भरून आलं. आपल्या विज्ञानाचा आपल्याच माणसाला उपयोग व्हावा, याहून मोठं सुख नाही.

३ सप्टेंबर, सकाळी

जोराचा पाऊस. छत्री उलटी झाली. ऑफिसात वेळेवर पोचलेला मी एकटाच. (पणबाई पहाटेपासून आहे म्हणे. ते वेळेवर नव्हे, वेळेआधी.)

रेषा चढते आहे. मोठी भरती आहे, चढणारच.

थोड्या वेळाने

रेषा विक्रमाच्या किंचित खाली येऊन थांबली. सरळ. आडवी. इतकी सुंदर रेषा मी नोकरीच्या सगळ्या वर्षांत पाहिली नाही. साहेबांना फोन करून कळवलं, परिस्थिती स्थिर. साहेब म्हणाले, शाबास, मी घरूनच काम करतो.

पणबाई म्हणाली, पण सर, वादळात पाणी असं पट्टी लावल्यासारखं राहत नाही. गाळणी वरचं सगळं टाकून देत असणार. मी म्हणालो, शिस्त कधी पाहिली नसली की असं वाटतं. तिने गाळणीचा पासवर्ड मागितला. दिला नाही. मग ती रेनकोट चढवून धक्क्यावर निघाली. स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं म्हणे. हा यंत्राचा अपमान आहे आणि तिच्या वार्षिक अहवालात त्याचा उल्लेख होईल.

दुपारी

धक्क्यावरून पणबाईचा फोन. वाऱ्यामुळे नीट ऐकू येईना. ती ओरडत होती, की धक्काच दिसत नाहीये.

पाऊस जोराचा असला की लांबचं दिसत नाही. एवढं साधं.

लगेच

ताईचा फोन. बोलावल्याशिवायच शेजारचे चौघे तिच्या दारात खुर्ची घेऊन उभे आहेत. गल्लीच्या तोंडाशी पाणी आलंय म्हणतात. पायऱ्या अजून कोरड्या आहेत. भावोजी सकाळपासून 'वर, वर' करतायत, खाटेवर हात आपटतायत. काय करू?

मी ग्राफ पाहिला. रेषा तशीच. डोळ्यांसमोर ते सोललेलं कोपर आलं, ताईचा ओशाळलेला चेहरा आला. पुन्हा चौथ्यांदा तिला गल्लीपुढे मान खाली घालायला लावणार होतो का मी? आणि हलवा म्हणून सांगायचं, तर मग भोंगा का दिला नाही, हा प्रश्न येतोच. एका घराला एक आणि शहराला एक, असं माझ्याकडे चालत नाही.

भावोजींना शिंप्याच्या बाल्कनीची चटक लागली आहे, हे मी तिला सांगितलं. वरून रस्ता दिसतो, बस दिसतात. म्हणून वर, वर. मग म्हणालो, "चौघांना परत पाठव. मी इथे बसलोय ना. हलायची वेळ आली तर सगळ्यात आधी तुला सांगेन."

ती दाराकडे वळून त्यांना म्हणाली, "माझा भाऊ नाही म्हणतोय. तुम्ही जा."

मला अभिमान वाटला.

आणखी थोड्या वेळाने

खालच्या पार्किंगमध्ये पाणी. संडासाचा पाइप तुंबला असणार, महिनाभर तक्रार करतोय. शिपाई पँट दुमडून वर आला आणि म्हणाला, साहेब, तुमची गाडी फिरतेय. मी विचारलं, कोण चालवतोय? तो म्हणाला, कुणीच नाही.

रेषा स्थिर.

खाली जाऊन गाडी बघून आलो, मोजे ओले झाले. काढून खिडकीत वाळत घातले. खुर्चीवर मांडी घालून बसलोय, पाठीच्या कण्याला चांगलं असतं.

नंतर

पणबाई परतली, कमरेपर्यंत भिजलेली. माझी खुर्ची, माझ्यासकट, बाजूला सरकवली. पासवर्ड तिने पहिल्याच फटक्यात ओळखला (बायकोचं नाव नव्हतं, माझंच होतं). गाळणी काढली.

रेषा उडाली ती स्क्रीनच्या वरच्या कडेतून बाहेर गेली. सकाळपासूनची. सेन्सर सकाळपासून खरं सांगत होता.

तिने भोंग्याचं बटण दाबलं. भोंग्याची वीज तळमजल्यावरून जाते. तळमजला पाण्यात होता. बटणाचा टक् असा आवाज झाला, तेवढाच.

ताईला फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. मग रिंगही वाजेना.

६ सप्टेंबर

भावोजी गेले.

१० सप्टेंबर

लिहिल्याने मन हलकं होतं असं म्हणतात. बघू.

पाणी एकदम आलं. दोन पायऱ्या म्हणजे अशा त्या किती. ताईने त्यांना खाटेवरून टेबलावर चढवायचा प्रयत्न केला. एकटी बाई, आणि त्यांचं वजन. अर्धवट चढवलं, तर टेबलच तरंगायला लागलं. मग ती खाटेवर उभी राहून त्यांचं डोकं दोन्ही हातांनी वर धरून होती. किती वेळ ते तिला सांगता येत नाही. तेच चौघे छातीभर पाण्यातून परत आले, खिडकीचे गज तोडले आणि तिला बाहेर ओढलं. ती भावोजींना सोडायला तयार नव्हती. शिंप्याने तिची बोटं एकेक करून सोडवली.

परत यायचंच होतं तर जरा लवकर यायचं. परत पाठवलं म्हणून काय लगेच जायचं? शेजारधर्म म्हणून काही असतो. हे मी त्यांना बोलून दाखवणार होतो. ते चौघे खांदा द्यायला उभे होते, तेव्हा बोललो नाही. तिथे माझ्या शेजारी कुणी उभं राहिलं नाही. जागा बरीच होती.

शहरात इतर ठिकाणीही माणसं गेली. आकडा मी वाचलेला नाही. डोळ्यांना ताण पडतो.

२१ सप्टेंबर

चौकशी समितीपुढे गेलो. मुद्देसूद बोललो. यंत्राने प्रत्येक रीडिंग वेळेवर घेतलं, एकही चुकलं नाही. म्हणजे सिस्टीम यशस्वी आहे. फक्त ती रीडिंगं बघणाऱ्यांपर्यंत पोचली नाहीत, तो वेगळा विषय. आणि खोटा भोंगा वाजला नाही हा दावा आजही शंभर टक्के खरा आहे. समितीतल्या एका म्हाताऱ्याने चष्मा काढला आणि बराच वेळ डोळे चोळत बसला. प्रभावित झाला असावा.

कक्ष पणबाईकडे. मी उद्यान खात्यात. खरं तर मलाच बदल हवा होता. हिरवळ डोळ्यांना चांगली.

३ ऑक्टोबर

ताई आता आमच्याकडे असते. बायकोने आणलं. आमचंही घर तळमजल्यावरच आहे, पण हा भाग उंचावर आहे, त्या दिवशीही पाणी फाटकाशी येऊन थांबलं होतं.

ताई मला काही बोलत नाही. मला वाटलं होतं, रडेल, शिव्या देईल, काहीतरी फेकून मारेल. मी तयारी केली होती. उत्तरं जुळवून ठेवली होती. ती सकाळी उठते, माझ्यासाठी चहा ठेवते, साखर किती विचारते. काल मीच म्हणालो, ताई, त्या दिवशी ग्राफवर खरंच काही दिसत नव्हतं गं. ती म्हणाली, एक चमचा की दोन?

एकदा तरी बोलावं तिने. भावोजी असते तर त्यांनी तोंडावर सांगितलं असतं. त्या माणसाची इतकी आठवण येईल असं वाटलं नव्हतं. काल बाथरूममध्ये नळ सोडून रडलो. बायकोने टाकीबद्दल काही म्हटलं नाही, हे जास्त लागलं.

संकल्प: ताईचा विश्वास पुन्हा मिळवायचा. हळूहळू. रोज नाश्त्याला दिवसाचा अंदाज सांगायचा.

१२ ऑक्टोबर

आठवडाभर अंदाज सांगतोय. सगळे बरोबर आले. ऊन म्हटलं, ऊन पडलं. वारा म्हटलं, वारा आला. ताई मान हलवते. प्रगती आहे. माळ्यांनाही सांगतो. ते मात्र आकाशाकडे बघून घेतात.

१८ ऑक्टोबर, रविवार, दुपारी

सकाळपासून पाऊस. भरतीही आहे. मी सगळा अभ्यास केला: वाऱ्याची दिशा, भरतीची वेळ, मागचे आकडे, गाळणीशिवाय. मग ताईच्या शेजारी बसलो आणि सांगितलं, काही होणार नाही, निवांत रहा.

ताईने हातातला कप धुऊन उपडा ठेवला. आत गेली. पिशवीत औषधं, चादर, भावोजींचा फोटो भरून बाहेर आली. बायकोही तिच्यामागे, गॅस बंद करून. दोघी तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंकडे निघाल्या. मी दारात आडवा झालो. म्हटलं, ताई, मी सांगितलं ना काही होणार नाही म्हणून.

"तू सांगितलंस," ती म्हणाली, "म्हणून तर निघाले."

रागाने नाही म्हणाली. भाजीवाला आला का, असं विचारावं तशी म्हणाली. मग माझ्या बाजूने वाट काढून दोघी वर गेल्या. खालच्या घराला कुलूप लावून येताय की नाही, तेवढं बायकोने वरून ओरडून विचारलं.

दुपार उलटली

पाऊस कमी झाला. रस्ता कोरडा पडायला लागलाय. फाटकाशी थेंबभर पाणी नाही. अंदाज तंतोतंत खरा ठरला. वर जाऊन सांगून आलो. दार बाईंच्या मुलीने अर्धवट उघडलं, म्हणाली, आत्या झोपल्यात, काकू म्हणतात की रात्री इथेच राहू.

राहू देत. ज्याचा त्याचा स्वभाव.

हे सगळं दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या पायरीवर बसून लिहितोय. चपला, पाकीट आणि उशी जवळ आहे. खाली घर मोकळंच आहे, पंखा आहे, माझी खुर्ची आहे. पण जिन्यात उजेड चांगला येतो.